'साभार परत': थॉमस मान आणि उचलेगिरीचा आरोप

तुमची प्रतिक्रिया येऊन आठवडा झाला. लगेच उत्तर दिलं असतं तर त्यात राग जास्त आणि मजकूर कमी झाला असता, म्हणून थांबलो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जर्मन कादंबरीकार थॉमस मानच्या कादंबऱ्यांवर आधीच्या लेखकांचा प्रभाव आहे, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, 'प्रभाव' हा सभ्य लोकांनी उचलेगिरीसाठी शोधलेला शब्द आहे. शोपेनहाउअरचं तत्त्वज्ञान उचललं, तत्त्वज्ञ नीत्शेचं आयुष्य उचललं, संगीतकार शोनबर्गचं संगीत उचललं, वर आपली वेताळपंचविशीसुद्धा सोडली नाही. मराठीत कुणी एवढं केलं असतं तर वाङ्मयचौर्य म्हणून बोंब उठली असती, हा नोबेलवाला म्हणून तुम्ही आरती ओवाळताय. शिवाय 'व्यासोच्छिष्टं जगत्सर्वम्' सांगून सुटू नका, अशी तंबीही आहे. नाही सांगत.

आधी माझी चूक. मानची 'डॉक्टर फाउस्टस' ही कादंबरी जर्मन कवी गटेच्या, सैतानाला आत्मा विकणाऱ्या विद्वानावरच्या 'फाउस्ट' नाटकावर उभी आहे, असं मी लिहिण्याच्या ओघात ठोकून दिलं होतं. तुम्ही ते बरोबर पकडलंत. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष ('म्हणजे कुणाचं घेतलंय हेसुद्धा धड कळत नाही') मला पटत नाही. त्याकडे येतोच.

त्याआधी तुमच्या यादीतून निसटलेली एक चोरी मीच पुरवतो, कारण ती सगळ्यांत उघडी आहे. 'बुडेनब्रोक्स' १९०१ साली आली तेव्हा मान पंचवीस वर्षांचा होता. कादंबरीच्या शेवटाकडे हानो नावाचा मुलगा टायफॉइडने जातो. त्याआधीचं प्रकरण त्याच्या शाळेतल्या एका दिवसाचं आहे, लांबलचक आणि जीव नकोसा करणारं. ते संपतं आणि पान उलटल्यावर एकदम वाक्य येतं: टायफॉइडचं असं असतं. पुढे लक्षणं. डोकेदुखी, ताप, नाडी, ग्लानी, पहिला आठवडा, दुसरा आठवडा. हा मजकूर मानने ज्ञानकोशातल्या नोंदीवरून घेतला होता. ते त्याने लपवलंही नाही. १९४५ च्या डिसेंबरात तत्त्वज्ञ अडोर्नोला लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःच या प्रकाराला एक वरच्या दर्जाची नक्कल म्हटलं आहे.

आता ते प्रकरण पुन्हा वाचा. त्यात हानोचं नाव एकदाही येत नाही. 'रुग्ण' एवढंच. ज्या पोराला आपण जन्मापासून ओळखतोय, त्याच्या मरणाच्या वेळी लेखक आपल्याला त्याच्या खोलीत जाऊच देत नाही, कोशातली नोंद हातात देऊन दाराबाहेर उभं करतो. आणि मग नोंद हळूच वाकडी होते. तापाच्या गुंगीत हरवलेल्या माणसाला आयुष्य हाक मारतं, असं काहीतरी येतं. त्या हाकेने त्याच्यात लाज आणि उमेद जागी झाली तर तो परत फिरेल, किळस वाटली तर मान फिरवून पुढे निघून जाईल. हे कुठल्या कोशात सापडायचं? मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक पालथं ठेवून उठलो होतो. नक्कल आहेच. फक्त नक्कल कुठे थांबते ती जागा बघायला हवी.

आता फाउस्ट. मान गटेला वळसा घालून मागे गेला, थेट १५८७ साली फ्रांकफुर्टला योहान श्पीस या मुद्रकाने छापलेल्या फाउस्टच्या लोककथेपर्यंत. का गेला? गटेचा फाउस्ट शेवटी तरतो, देवदूत त्याला वर नेतात. जुन्या पुस्तकातला तरत नाही. चोवीस वर्षांचा करार संपला की सैतान त्याला घेऊन जातो. कादंबरीचा निवेदक लिहायला बसतो तो दिवस २३ मे १९४३, आणि मानही कॅलिफोर्नियात त्याच दिवशी लिहायला बसला होता. हिटलरने चालवलेल्या जर्मनीची गोष्ट सांगताना तरून जाणारा फाउस्ट त्याला परवडणारा नव्हता. म्हणजे कुणाचं घ्यायचं हे त्याला कळत होतं. कळलं नव्हतं ते मला.

त्या जुन्या पुस्तकात फाउस्ट मरण्याआधी आपल्या विद्यार्थ्यांचा निरोप घेतो आणि म्हणतो, 'मी एक वाईट आणि चांगला ख्रिस्ती म्हणून मरतो आहे.' जर्मनमध्ये ते असं: 'डेन इश श्टेर्ब आल्स आइन ब्योझर उंट गूटर क्रिस्ट.' बोटांवर मोजा, 'श्टेर्ब'च्या पुढे एक पुसट 'अ' धरून. बारा अक्षरं होतात. कादंबरीचा नायक, संगीतकार लेव्हरक्यून, सप्तकातले बाराही स्वर सारख्याच मानाचे धरून रचना करतो आणि त्याची शेवटची कृती याच वाक्यावर बांधतो. मानच्या साडेतीनशे वर्षं आधीच्या एका सामान्य वाक्यात बारा अक्षरं लपलेली आहेत हे त्या मुद्रकाच्या गावीही नसणार. दुसऱ्याच्या पुस्तकातून घ्यायचं तर इतक्या जवळून वाचून घ्यावं.

नीत्शेचं तर तुम्ही म्हणता त्याहून जास्त आहे. नीत्शेचा शाळासोबती पाउल डॉयसन, म्हणजे ज्याने साठ उपनिषदं जर्मनमध्ये नेली तोच, आपल्या आठवणींत एक किस्सा सांगतो. १८६५ साली कोलोनमध्ये वाटाड्याने तरुण नीत्शेला खानावळीऐवजी वेश्यागृहात नेऊन सोडलं. झिरझिरीत कपड्यांतल्या बायका बघून तो थिजला, मग खोलीतला पियानो दिसला तसा तिकडे गेला, दोनचार सूर वाजवले आणि बाहेर पडला. मानने हा प्रसंग लाइपझिगला नेऊन जवळजवळ जसाच्या तसा लेव्हरक्यूनवर घातला. नीत्शे गेला २५ ऑगस्ट १९०० ला, लेव्हरक्यूनच्या मृत्यूची बातमी येते २५ ऑगस्ट १९४० ला. आणि अख्ख्या कादंबरीत नीत्शेचं नाव कुठेही नाही. तुम्ही याला पुरावा लपवणं म्हणाल. मानचं स्पष्टीकरण असं की त्याची जागा लेव्हरक्यूनने घेतल्यावर तो वेगळा हजर कसा असणार? मला ते पटतं. तारखासुद्धा जुळवून ठेवणारा चोर पकडलं जायची वाट बघत असतो.

शोनबर्गच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. बारा स्वरांची पद्धत त्याची, आणि तो हयात होता, मान राहायचा त्याच लॉस एंजेलिसमध्ये राहत होता. कादंबरीत ती लेव्हरक्यूनचा शोध म्हणून येते. शोनबर्ग चिडला. शेवटी पुढच्या आवृत्त्यांत टीप टाकावी लागली, की ही पद्धत खरी एका समकालीन संगीतकाराची, आर्नोल्ड शोनबर्गची. त्यावर तो आणखी भडकला: कोण कुणाचा समकालीन होता ते पुढे कळेलच! संगीताच्या बाबतीत मानला खरी मदत अडोर्नोची झाली होती. त्याच्या बापाकडचं आडनाव वीझेनग्रुंड. कादंबरीत बेथोव्हेनच्या शेवटच्या पियानो सोनाटावर एक व्याख्यान आहे, त्यात एका स्वरावलीला शब्द लावून दाखवताना मानने तेही नाव हळूच गुंफलं आहे. म्हणजे मित्राला श्रेय असं दिलं आणि शोनबर्गला तळटीप, तीही भांडण झाल्यावर.

राहिली आपली वेताळपंचविशी. डोकी बदलण्याच्या गोष्टीवर मानने १९४० साली छोटी कादंबरी लिहिली (डोकी बदलणाऱ्याचं आडनाव मान, हा विनोद जर्मनांना कळणार नाही). गोष्ट त्याला मिळाली भारतविद्येचे अभ्यासक हाइनरिश त्सिमर यांच्याकडून, आणि पुस्तक अर्पण केलंय त्यांनाच, आभारासह परत म्हणून. 'साभार परत'! आपल्याकडे संपादक कविता नाकारताना हेच लिहायचे.

पण त्याने परत केलेली गोष्ट नेली तशी राहिलेली नव्हती. सोमदेवाच्या कथासरित्सागरात नवरा आणि बायकोचा भाऊ यांची डोकी बदलतात. नवरा कोण, असं वेताळ विचारतो. सर्व अवयवांत मस्तक श्रेष्ठ, म्हणून ज्याचं डोकं तो नवरा, असं राजा सांगतो, आणि वेताळ पुन्हा झाडावर. मानकडे दोन मित्र आहेत, नाजूक श्रीदमन आणि धिप्पाड नंद, आणि त्याची गोष्ट या निवाड्यानंतर खरी सुरू होते. श्रीदमनच्या डोक्याखाली नंदाचं दणकट शरीर हळूहळू मऊ पडत जातं, आणि श्रीदमनच्या बायकोला, सीतेला, पुन्हा त्या दुसऱ्याची ओढ लागते. निकाल लागला म्हणून प्रश्न मिटत नाही, हे वेताळाला माहीत होतं की नाही कोण जाणे. पुढे गिरीश कार्नाडांनी हीच गोष्ट मानकडून घेऊन 'हयवदन' लिहिलं. त्यांना तुम्ही चोर म्हणणार नाही असं गृहीत धरतो.

चोरी हा शब्द मी स्वतः कुठे वापरीन तेही सांगतो. मानची धाकटी बहीण कार्ला नटी होती. १९१० साली तिने आईच्या घरी विष घेतलं. 'डॉक्टर फाउस्टस'मध्ये क्लारिसा नावाची नटी तशीच, आईच्या घरीच मरते. कार्लाने मागे ठेवलेली फ्रेंचमधली चिठ्ठीसुद्धा कादंबरीत आली आहे. शोनबर्गला निदान भांडता आलं.