प्रवेश दिला, आता आणखी काय हवं?

मामेभावानं घरच्या ग्रुपवर टाकलेलं एक वाक्य चार दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये. ‘‘राखीव जागा दिली, फी माफ केली, आता कॉलेज ‘आपलं वाटावं’ म्हणून वेगळा कक्षही हवा?’’ विषय समान संधी कक्षांचा, म्हणजे वंचित गटांतल्या मुलांना कॉलेजात भेदभाव सोसावा लागू नये म्हणून काढायच्या कक्षांचा. यूजीसीचा त्याबाबतचा नियम 2012 चा, पण दादाला तो आत्ता सापडला. (माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा, म्हणून दादा.) खाली अंगठ्यांची रांग, आणि शेवटी हुकमाचं पान: ‘‘अमेरिकेत बघ. तिथं फक्त मेरिट.’’

मी अमेरिकेत एकोणीस वर्षं आहे. त्यातली अकरा एका सरकारी विद्यापीठाच्या ‘स्टुडंट सक्सेस’ ऑफिसात गेली. तेव्हा रोज बघतोच आहे.

2023 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टानं प्रवेश देताना वंशाचा विचार करायला मनाई केली, हे दादाला तोंडपाठ आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना कित्येक खासगी विद्यापीठांत झुकतं माप मिळतं आणि त्याला या निकालानं हात लावला नाही, हे मात्र त्याच्या फॉरवर्डमध्ये नव्हतं. माझी मुलगी माझ्याच विद्यापीठात कर्मचाऱ्याची मुलगी म्हणून सवलतीत शिकते. तिच्या मेरिटची चौकशी ग्रुपवर अजून कुणी केलेली नाही.

मुलं हुशारीत कमी पडतात म्हणून कॉलेज सोडतात, असं मलाही वाटायचं. टेबलाच्या या बाजूला बसल्यावर कळलं, किती फुटकळ कारणं असतात. मागच्या सेमिस्टरला एक मुलगी आली. तिच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली तीच पहिली. मार्क उत्तम, पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत) मंजूर. पण लायब्ररीच्या हरवलेल्या पुस्तकाचा दंड थकला म्हणून खात्यावर होल्ड, आणि होल्ड म्हणून रजिस्ट्रेशन बंद. दोन आठवडे तिनं कुणालाच विचारलं नाही. ‘ऑफिस अवर्स’ ही विद्यार्थ्यांनी येऊन भेटावं म्हणून सरांनी राखलेली वेळ. ती सरांची कामाची वेळ, तेव्हा त्यांना त्रास द्यायचा नसतो, अशी तिची समजूत! होल्ड काढायला मला चार मिनिटं लागली.

जॉर्जिया स्टेट विद्यापीठानं नेमकं हेच हेरलं. थोडक्या थकबाकीपायी ज्यांचं नाव कमी होणार, अशी मुलं ते 2011 पासून स्वतःच शोधून काढतात आणि अर्जाची वाट न बघता पैसे भरतात. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीची कम्युनिटी कॉलेजं 2007 पासून ‘असॅप’ नावाची योजना चालवतात. ठरलेला सल्लागार, पुस्तकांची सोय आणि तेव्हा मेट्रोकार्ड, म्हणजे बस-मेट्रोचा पास. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून ती तपासली, तेव्हा तीन वर्षांत पदवी घेणारे योजनेबाहेर 22 टक्के निघाले आणि योजनेत 40. मेट्रोकार्डानं बुद्धी वाढते का रे दादा?

बरं, हे शिकायला अमेरिकेलाच यायला हवं होतं असंही नाही. शाहू महाराजांनी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखल्या त्या 1902 मध्ये. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्याच्या आदल्या वर्षीचं. म्हणजे राहायची सोय आधी, जागा मागून. इथली वर्क-स्टडी, म्हणजे शिकता शिकता काम करून कमवायची सरकारी योजना, 1964 ची. ‘कमवा आणि शिका’वाले कर्मवीर तोवर जाऊन पाच वर्षं झाली होती. मीटिंगमध्ये मी हे ऐटीत सांगतो. लोक सौजन्यानं माना डोलावतात आणि पुढच्या स्लाइडवर जातात.

इथंही वारं फिरलंय. टेक्सासनं तर कायदाच करून 2024 पासून सरकारी विद्यापीठांतली विविधतेची ऑफिसं बंद केली. आमच्या दारावरही पूर्वी ‘बिलाँगिंग’ (आपलेपणा) होतं. पाटी बदलली, जुन्या अक्षरांच्या गोंदाचे ठसे तिरप्या उन्हात अजून दिसतात. त्या दाराआड बसणाऱ्याचं म्हणाल, तर दर वर्षीच्या सर्व्हेत ‘मला इथं आपलं वाटतं’ यापुढे मी ‘सहमत’वर टिक करतो. ‘पूर्ण सहमत’वर कधी हात गेला नाही.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघं होतो. मी, दादा आणि एक खेड्यातून आलेला मुलगा. पहिल्याच संध्याकाळी मी त्याला विचारलं, ‘‘रँक किती?’’ आकडा मला नकोच होता, आकड्यावरून जे कळतं ते हवं होतं. त्यानं सांगितला. मी दादाकडे पाहिलं, दादा हसला, मग मीही. त्यानंतर त्यानं आम्हाला काही विचारलं नाही, जर्नल सबमिशनची तारीखसुद्धा. दुसऱ्या सेमिस्टरला आलो, तर त्याच्या कॉटवर गादी गुंडाळून ठेवलेली. वर्षभर आम्ही त्या कॉटवर बॅगा ठेवल्या.

ग्रुपवरचं उत्तर मी गादीपर्यंत लिहिलं होतं. पाठवलं मेट्रोकार्डापर्यंतच. दादानं ग्रुपवर नुसतं ‘बरं’ म्हटलं. तासाभरानं फक्त मला मेसेज आला: ‘‘त्याचं नाव आठवतं का रे तुला?’’

मला आडनाव तेवढं आठवलं.