लागेल कधीतरी

आमचा कॉम्प्युटर २००८ चा आहे हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक "अजून चालतो?" विचारतात आणि त्याचं प्रामाणिक उत्तर "चालतो, धावत नाही" असं आहे. बटण दाबायचं, आंघोळ करून यायचं, तोवर डेस्कटॉप दिसायला लागतो, पण लगेच क्लिक करायचं नाही, केलं तर तो रुसतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तरी मी त्याला हात लावलेला नाही. चालू वस्तू टाकायची कशाला?

तर भाचा म्हणाला, "मामा, एसएसडी टाक, उडायला लागेल." हार्ड डिस्कमध्ये म्हणे तबकडी असते, मिनिटाला ७२०० वेळा फिरते, आणि प्रत्येक फाइलसाठी तिच्यावरची ती सुई इकडून तिकडे पळवावी लागते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळ्या चिपा. पटलं. जुनी १६० जीबीची डिस्क होती, मी २४० चा ड्राइव्ह आणला, जुन्या डिस्कचं जसंच्या तसं क्लोन मारलं, आणि जोडायला केबल माझ्याकडे होतीच. टेबलाच्या खालच्या खणात. तो खण म्हणजे आमच्या घरातलं वस्तुसंग्रहालय आहे, बायको त्याला वेगळा शब्द वापरते.

पहिले काही दिवस खरंच मजा आली. आंघोळ अर्धवट राहायला लागली. पण नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते किती मोजून म्हणतात बघा, दुसऱ्या आठवड्यात कॉपी करताना ती हिरवी पट्टी ९९ टक्क्यांवर येऊन बसायला लागली आणि मधूनच सगळं गोठायचं, माउससुद्धा. मी भाच्याला फोन लावला. तिथून पुढे महिनाभर त्याने उंटावरून शेळ्या हाकल्या आणि शेळी मी होतो.

"मामा, आधी क्रिस्टलडिस्कइन्फो उघड, ते ड्राइव्हची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर. ट्रान्सफर मोड काय लिहिलंय?"

"साटा १५०, मग एक उभी रेघ, मग साटा ६००."

"साटा ही ड्राइव्ह मदरबोर्डला जोडायची पद्धत, आकडा म्हणजे सेकंदाला किती एमबी. रेघेच्या डावीकडचं म्हणजे आत्ता चालू आहे ते, उजवीकडचं म्हणजे ड्राइव्हची ऐपत. तुझा बोर्ड साटा २ चा आहे, ६०० नाही मिळणार, पण ३०० तरी पाहिजे. तू १५० वर अडकलायस. आता खाली सीआरसी एरर बघ, वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी असते ती."

तो आकडा होता आणि मी बघत असतानाच वाढला. वाहतं मीटर बघावं तसा मी दहा मिनिटं बघत बसलो. भाचा म्हणाला, ड्राइव्ह ठणठणीत आहे, हे एरर वाटेतले आहेत, केबल कुठली लावलीस? मी झाकण उघडलं. केबल पिवळी पडलेली, झाकणाखाली काटकोनात दुमडलेली, आणि एका टोकाची ती छोटी पत्र्याची क्लिप नाहीच, त्यामुळे नुसतं बोट लावलं तरी हलत होती. सिग्नल खराब आला की बोर्ड आणि ड्राइव्ह आपसात ठरवून वेग खाली आणतात, तरी चुकलेलं परत पाठवावं लागतं ते वेगळंच. भाच्याने नवी केबल आणून दिली, डावीकडे ३०० आलं, टेस्टमध्ये १३० च्या जागी २६० दिसलं. "पण एररचा आकडा कमी नाही झाला रे," मी म्हणालो. तर म्हणे तो कधीच कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबला पाहिजे. म्हणजे हा ड्राइव्हही काही टाकत नाही. मला तो पहिल्यांदाच आपला वाटला.

गोठणं मात्र चालूच. "जागा किती रिकामी आहे?" "पाच जीबी." फोनवर शांतता. आता २४० चा ड्राइव्ह मिळाल्यावर मी सगळ्या जुन्या सीड्या आणि पेनड्राइव्ह त्यात ओतले होते, त्यात चूक काय? चूक अशी की आपले स्वस्तातले ड्राइव्ह रिकाम्या चिपांचा एक भाग घाईच्या कामाला राखून ठेवतात, आधी तिथे पटापट लिहायचं, नंतर सावकाश नीट रचायचं. रिकामी जागाच नसेल तर घाई आणि रचणं एकदमच करावं लागतं. मग काढायला बसलो. "बॅकअप", "बॅकअप नवा", "बॅकअप नवा फायनल", आणि "फोटो नंतर बघू" नावाचा एक फोल्डर, ज्यात आत अजून एक "फोटो नंतर बघू". दोन अँटीव्हायरस एकमेकांवर पाळत ठेवून होते, त्यातला एक काढला. ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा रिकामी झाली हे ड्राइव्हला कळवायची सोय, चालू आहे का बघायला एक कमांड दिली तर उत्तर आलं शून्य, मी हबकलो, पण तिथे प्रश्नच "बंद आहे का" असा असतो, म्हणजे शून्य म्हणजे चालू. हे ज्याने लिहिलं त्याला भेटायचंय मला.

मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगात, आयडीई मोड सापडला, ड्राइव्हशी बोलायची जुनी पद्धत. त्यात ड्राइव्हला एका वेळी एकच काम सांगता येतं, एएचसीआय या नव्या पद्धतीत ३२ कामांची रांग लावता येते. मी शहाणपणा करून सरळ मोड बदलला आणि निळी स्क्रीन आली. परत चालू, परत निळी. "मामा, मला विचारून तरी करायचंस!" आधी जुना मोड लावून विंडोजला सेफ मोडमध्ये यायला सांगायचं, मग बायोस बदलायचं, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्यायचं म्हणजे ते नवा ड्रायव्हर उचलतं, मग सेफ मोड काढायचा. झालं ते.

आणि तरीही बारीक फाइलींना रड होतीच. शेवटी भाच्याने सिस्टीम इन्फर्मेशनमधून पार्टिशन, म्हणजे डिस्कवर पाडलेला भाग, कुठल्या बाइटपासून सुरू होतं तो आकडा वाचायला लावला. ३२२५६. "भाग त्याला ४०९६ ने." कॅल्क्युलेटर म्हणाला ७.८७५. "पूर्ण भाग जायला पाहिजे मामा, चिपांच्या खोल्या ४०९६ बाइटच्या पटीत असतात. हे पार्टिशन विंडोज एक्सपीच्या काळातलं आहे ना?" होतं. एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून, म्हणजे ५१२ बाइटच्या ६३ व्या कप्प्यापासून पाडायचं. त्यावर मी विंडोज सात टाकलं, त्यावर दहा, पण पार्टिशन तेच, आणि क्लोनमध्ये तेच इकडे आलं. दोन गाद्या जोडून अंथरल्या आणि कुणी नेमका मधल्या फटीवर झोपला की एका माणसासाठी दोन्ही गाद्या अडतात ना, तशी माझी प्रत्येक फाइल चिपांच्या दोन-दोन खोल्या अडवून झोपली होती, कित्येक वर्षांची सवय. पार्टिशन सरकवायला रात्र गेली. त्याआधी अर्थातच बॅकअप घेतला, नाव दिलं "बॅकअप खरंच फायनल".

आता पाऊण मिनिटात डेस्कटॉप येतो आणि लगेच क्लिक केलेलंही चालतं. काल टेबल आवरताना बायकोने विचारलं, "ती पिवळी केबल टाकलीस ना?" मी हो म्हणालो. तिच्यावर चिकटपट्टी लावून पेनाने "खराब" लिहिलं आणि खालच्या खणात अगदी मागे सारली, तर तिथे आधीच एक केबल पडलेली होती, तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "बहुतेक खराब".