छाती बसली नाही म्हणजे इम्प्लान्ट शाबूत? नाही!

स्तनात इम्प्लान्ट असलेल्या बायकांना अपघातानंतर हमखास ऐकवलं जातं: इम्प्लान्ट फुटलं असतं तर छाती लगेच बसली असती. मॅमोग्राफी नॉर्मल आहे ना, मग झालं. आणि पुढच्या वेळी सीटबेल्ट लावू नकोस, त्यानेच दाब येतो. हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि शेवटचा तर जीवावर बेतणारा.

छाती लगेच बसते ती सलाइनच्या इम्प्लान्टमध्ये. त्यातलं मिठाचं पाणी गळतं, शरीर ते शोषून घेतं आणि काही तासांत किंवा दिवसांत फरक दिसतो. सिलिकॉनचं घट्ट जेल भरलेल्या इम्प्लान्टचं तसं नाही. कुठल्याही इम्प्लान्टभोवती शरीर स्वतःचं एक चिवट आवरण तयार करतं. आतली पिशवी फाटली तरी जेल बहुतेकदा या आवरणातच अडून राहतं. आकार तोच, दुखणं नाही, डॉक्टरांच्या हातालाही अनेकदा काही लागत नाही. म्हणूनच याला सायलेंट रप्चर, म्हणजे गुपचूप फाटणं, म्हणतात.

मॅमोग्राफीत आवरणाबाहेर गेलेलं सिलिकॉन दिसू शकतं, पण आतल्या आत फाटलेली पिशवी सहसा दिसत नाही. त्यासाठी आधी सोनोग्राफी, आणि शंका उरली तर एमआरआय. फाटलेली पिशवी जेलमध्ये कोसळते आणि एमआरआयच्या चित्रात तिच्या घड्या शेवयांसारख्या काळ्या, नागमोडी रेषा होऊन दिसतात. मार लागलेला नसला, तक्रार नसली, तरी सिलिकॉन इम्प्लान्टची पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय 5 ते 6 वर्षांनी आणि मग दर 2 ते 3 वर्षांनी करावी, असं अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) 2020 मध्ये सांगितलं आहे. मग छातीवर जोरात मार बसल्यावर नुसत्या आरशावर का विसंबायचं? (कॅन्सरच्या ऑपरेशननंतर बसवलेला टिश्यू एक्स्पांडर, म्हणजे त्वचा हळूहळू ताणणारी तात्पुरती पिशवी, असेल तर एमआरआयआधी सांगाच. काहींच्या पोर्टमध्ये, म्हणजे पाणी भरायच्या तोंडात, चुंबक असतं.)

बरं, फुटणं हा एकच धोका नाही. काही तासांत एक बाजू सुजून ताठ झाली तर आत रक्त साचत असू शकतं. तेव्हा सकाळची वाट पाहू नका. महिन्या-वर्षांनी अचानक सूज आली तर ‘तेव्हाचाच मार असेल’ म्हणून सोडून देऊ नका. आत साचलेलं पाणी काढून तपासावंच लागतं, कारण खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लान्टभोवती क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा (कॅन्सरचा एक प्रकार) होतो.

सीटबेल्टबद्दल वाद घालायचं कारणच नाही. पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून, खांद्यावरून घ्या आणि लावाच. इम्प्लान्ट बदलता येतं.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच आहे. सासरच्यांसमोर नको म्हणून कॅज्युअल्टीत बाई इम्प्लान्टबद्दल बोलतच नाही. पण फुप्फुसाला इजा झाली तर छातीत नळी घालावी लागते, आणि तेव्हा डॉक्टरांना हे माहीत असायलाच हवं. नातेवाइकांना बाहेर थांबवायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. इम्प्लान्ट कार्डवर कंपनी, प्रकार आणि नंबर असतो. त्याचा फोटो आजच मोबाईलमध्ये काढून ठेवा.