एक यार्डावरून पास टाकणं मूर्खपणा नव्हता

काल दादाने घरच्या ग्रुपवर एक रील टाकलं. १ फेब्रुवारी २०१५चा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना. पेट्रियट्स २८-२४ने पुढे, सिएटलचा संघ गोल लाइनपासून एक यार्डावर, २६ सेकंद शिल्लक. सिएटलने पास टाकला, पेट्रियट्सचा बचावपटू माल्कम बटलरने तो हिसकावला, खेळ खलास. रील ठासून सांगतं: गोल लाइनजवळ पास टाकायचाच नसतो, तिथे मॅन कव्हरेज नावाचा बचाव भेदता येत नाही आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या मार्शॉन लिंचकडे तो दिला असता तर टचडाउन (चेंडू गोल लाइनपार) पक्कंच होतं.

माझा मुलगा इथे न्यू जर्सीत शाळेच्या संघात रिसीव्हर आहे, म्हणजे पास झेलणारा. ते बघून म्हणाला, "आई, मग गोल लाइनजवळ माझं कामच काय?" तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

लिंचचं "पक्कं" आधी निकालात काढते. त्या नियमित मोसमात एक यार्डावरून त्याला पाच वेळा चेंडू मिळाला, टचडाउन झालं एकदा. शिवाय सिएटलकडे घड्याळ थांबवायला एकच टाइमआउट होता. धाव अडली की घड्याळ चालू राहतं, पास खाली पडला की थांबतं. उरलेले तिन्ही डाउन, म्हणजे प्रयत्न, वापरायचे तर त्यातला एक पास लागणारच होता.

आता ते "भेदता येत नाही". हे धादांत खोटं आहे. मॅन कव्हरेज म्हणजे प्रत्येक बचावपटू आपापल्या माणसामागे. गोल लाइनजवळ मागे पळायला जागा नसते हे खरं, पण म्हणूनच तिथे वेगापेक्षा हुलकावणी चालते. दोन रिसीव्हर एकामागे एक उभे करा, त्यांच्या वाटा एकमेकींना छेदू द्या, पाठलाग करणारे आपसांत अडकतात. किंवा चेंडू सुटण्याआधी एकाला आडवं पळवा: त्याच्यामागे कोणी धावला की मॅन कव्हरेज उघडं पडतं. १२ फेब्रुवारी २०२३ला चीफ्सनी ईगल्सविरुद्ध नेमकं हेच केलं. कडेरियस टोनी आत धावत आला, बचाव त्याच्यासोबत आत सरकला, आणि चेंडू सुटताच टोनी पलटून बाहेर. पाच यार्डांवरून टचडाउन, आसपास चिटपाखरू नाही. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने तीच चाल स्काय मूरसाठी, चार यार्डांवरून. सामना ३८-३५, चीफ्सचा.

एक मात्र मान्य करावं लागेल. सिएटलने निवडलेला तो विशिष्ट पास मलाही पटत नाही. पुढे उभ्या सिएटलच्या जर्मेन कर्सने पेट्रियट्सच्या ब्रँडन ब्राउनरला ढकलून बटलरची वाट अडवायची होती. ब्राउनर धिप्पाड, तो हललाच नाही. बटलरला रस्ता मोकळा मिळाला आणि सिएटलच्या रिकार्डो लॉकेटसाठीचा चेंडू थेट गर्दीत गेला. त्याच आठवड्यात सरावात बटलर याच चालीवर फसला होता, त्यामुळे या वेळी त्याने ती ओळखली. याला पासचा दोष म्हणायचं की बटलरची तयारी?

दादा, पोराला दाखवायचंच असेल तर टोनीचं टचडाउन दाखव. मी त्याला रात्री तेच चार वेळा दाखवलं. आज सकाळपासून तो अंगणात आत धावून बाहेर पलटतोय.