उणे 20 म्हणजे समुद्रच असं नाही, मान्य

दादा, किनाऱ्यावरच्या गाळावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं असं की सोलापुरात बसून किनाऱ्यावरच्या गाळावर लिहायचं कशाला, आणि कार्बनच्या एका आकड्यावरून गाळातलं कुजकं जमिनीवरचं का समुद्रातलं हे सांगणं म्हणजे पत्रिका बघणं.

पहिलं सोपंय. सोलापूरला समुद्र नाही पण उतार आहे की ओ! सीना भीमेला मिळते, भीमा रायचूरकडं कृष्णेला आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. रानातली माती पावसाळ्यात तिकडंच निघते. उजनी झाल्यापासून वरचा बराच गाळ धरणात बसतो ते खरं, पण सीना मिळते उजनीच्या खाली, आणि जुना गाळ तर धरणाच्या कितीतरी आधीच जाऊन बसलाय.

दुसऱ्यात मात्र तुम्ही बरोबर आहात, तुम्हाला वाटतंय त्याहून जास्तच. मी लिहिलेलं की जड कार्बन म्हणजे कार्बन-13 मोजला की जमिनीवरच्या झाडाझुडपांचा आकडा उणे 27 दर हजारीच्या आसपास येतो (म्हणजे ठरलेल्या मापापेक्षा जड कार्बनचं प्रमाण हजारी तेवढं कमी) आणि समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाचा उणे 20 च्या. पण ही झाडं म्हणजे बाभूळ, लिंब, तूर, भात असली. ज्वारी आणि ऊस हवेतला कार्बन वेगळ्या रस्त्यानं ओढतात, जड कार्बन तेवढा बाजूला टाकत नाहीत, म्हणून त्यांचा आकडा उणे 12-13. आता बाभळीच्या पाल्यातला आणि कडब्यातला कार्बन निम्मानिम्मा मिसळा, किती आलं? उणे 20! समुद्राचा कणभर नसताना मशीन समुद्र दाखवणार. मालदांडीची भाकरी खाऊन मोठा झालो आणि हेच लिहायचं राहिलं, काय म्हणायचं आता.

पण म्हणून पत्रिका म्हणू नका राव. एका आकड्यावर कुणी थांबत नाही, मी थांबलो ती माझी चूक. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण बघतात, शेवाळाचं साडेसहा-सातच्या घरात, जमिनीवरच्या पाल्याचं वीसच्या वर. तेही फसवतं, कारण चिकणमाती अमोनियम, म्हणजे नायट्रोजनच, धरून ठेवते आणि कुजताना प्रमाण बदलतं. मग लिग्निन, म्हणजे झाडाला ताठपणा देणारा पदार्थ, शोधतात, ते शेवाळात नसतंच, आणि त्याचे तुकडे करून बघितले की लाकडाचं का गवत-पाल्याचं याचाही अंदाज येतो. मला सगळ्यात आवडतं ते पानावरचं मेण. 27, 29, 31 अशा विषम संख्येनं कार्बनचे अणू असलेल्या लांब साखळ्या, गाळात हजारो वर्षं टिकतात. पूर्ण गाळाचा कार्बन-13 न मोजता फक्त त्या मेणाचा मोजला की शेवाळ आपोआप बाजूला पडतं, आणि मग बाभूळ का ज्वारी हे त्या आकड्यातच दिसतं (ज्वारी का ऊस, ते मात्र नाही, दोघं एकाच जातकुळीतले).

मूळ लेखात ते वाक्य बदललंय, खाली ज्वारीचं गणितही टाकलंय. तुम्ही तेवढं ते पत्रिकेचं मागं घ्या.