श्रेय लाकडाला

बँडमध्ये गिटारवाले दोन असतात, कधी तीन. गाणारे तर मोजूच नका. बेसवाला, म्हणजे खालचे जाड सूर देणारी बेस गिटार वाजवणारा, मात्र एकच. त्यामुळे बेस वाजवणारी माणसं कामाच्या जागी एकमेकांना भेटतच नाहीत. एक स्टेजवरून उतरत असतो तेव्हा दुसरा चढत असतो. "अँपचा बेस थोडा खाली ठेव, स्टेज घुमतंय," एवढं जिन्यात बोलणं होतं आणि संपतं.

म्हणून वर्षातून एकदोनदा आम्ही पाचसहा जण मुद्दाम जमतो. वाद्यं आणायची नाहीत असं दर वेळी ठरतं आणि दर वेळी निम्मे जण घेऊन येतात. परवा असेच बसलो. नऊला सुरू झालेल्या गप्पा पहाटे साडेतीनला संपल्या आणि तेव्हापासून एक विचार डोक्यात घोळतोय, तो लिहून टाकतो. लांब झालंय. बेसवाल्याला एरवी बोलायला मिळत नाही, समजून घ्या.

आधी एक निरीक्षण. बेसवाल्यांच्या किश्श्यांत कुणी कधी जिंकत नाही. गिटारवाल्यांच्या कोंडाळ्यात बसलात की "मग मी जो सोलो घेतला ना" हे वाक्य अर्ध्या तासात येतं. आमच्याकडचा प्रत्येक किस्सा "आणि मग आवाजच गेला" या गावाला जाऊनच थांबतो.

परवाचा पहिला किस्सा बॅटरीचा. अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते आणि केबलचा जॅक आत असेपर्यंत ती चालू राहते, मग तुम्ही वाजवा नाहीतर झोपा. आमच्या एका मित्रानं आदल्या रात्री रियाज संपवून बेस स्टँडला लावला, केबल तशीच. दुसऱ्या दिवशी साउंडचेक झकास. केबल पुन्हा तशीच. रात्री तिसऱ्या गाण्यात आवाज आधी फाटायला लागला, मग कुणी गळ्यावर पाय दिल्यासारखा बारीक झाला, मग गुडुप. जवळ दुसरी बॅटरी नाही. पठ्ठ्यानं उरलेली दोन गाणी बोटं हलवत, मान डोलवत, पूर्ण मन लावून मुक्यानं वाजवली. खाली उतरल्यावर एक सद्गृहस्थ येऊन हात हातात घेऊन म्हणाले, "बेस काय वाजवता हो तुम्ही!"

हा शेवटचा तुकडा मी आजवर तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलाय, तिघांच्याही बाबतीत तो प्रत्यक्ष घडलेला. असो. बॅटरीपुरतं खरं असणार, कारण तेवढं माझ्याही बाबतीत घडलंय.

माझा स्वतःचा किस्सा याहून लाजिरवाणा. एका गाण्यासाठी ई ची तार डी वर उतरवली होती. गाणं संपलं, टाळ्या, गायकानं लगेच पुढचं सुरू केलं आणि मी तार परत चढवायची विसरलो. आता त्या तारेवरचा प्रत्येक सूर एक पूर्ण स्वर खाली. बाकीच्या तीन तारा बरोबर. म्हणजे मी दोन सूर बरोबर वाजवतोय आणि तिसरा असा पडतोय की जणू कुणी पायरी काढून घेतली. पहिल्या दोन ओळी मी कीबोर्डवाल्याकडे रागानं बघत होतो. हे महाशय कुठल्या पट्टीत वाजवतायत म्हणून. तोही माझ्याकडे बघत होता. त्याच्या बघण्यात राग नव्हता, दया होती. तेव्हा कळलं.

असे किस्सेच का सांगतो आम्ही? नम्रता वगैरे काही नाही. काम नीट झालं की सांगण्यासारखं काही उरतच नाही. बेसच्या खालच्या ई चा मूळ सूर 41 हर्ट्झच्या आसपास. हवेत त्याची एक लाट 8 मीटरहून लांब असते. स्टेजवर तुम्ही अँपला चिकटून उभे असता तेव्हा स्वतःलाच नीट ऐकू येत नाही, मागच्या भिंतीशी उभ्या माणसाच्या छातीत मात्र धडधडत असतं. तिथेही त्याला "बेस छान आहे" असं वाटत नाही, "गाणं छान आहे" असं वाटतं. बेस थांबला की मात्र सगळं सभागृह मान वर करून बघतं. तर आमच्या आयुष्यात लक्षात येण्यासारख्या घटना म्हणजे फक्त चुका.

इथवर ठीक आहे. पण साधारण बाराच्या पुढे गप्पा जुन्या वाद्यांवर येतात आणि तिथे माझं बिनसतं.

जुन्या बेसबद्दल बोलायला लागले की तेच लोक, जे तासभर स्वतःची फजिती सांगत होते, एकदम भक्तिभावानं बोलतात. त्या लाकडात काहीतरी होतं. तारांची थरथर टिपून अँपकडे पाठवणारे तसे पिकअप आता बनत नाहीत. वाजवून वाजवून लाकूड मोकळं होतं. कुणाचा विकलेला पहिला बेस, कुणाचा चोरीला गेलेला, कुणाचा भावानं परस्पर देऊन टाकलेला. डोळे पाणावतात. मी दर वेळी वाद घालतो आणि दर वेळी पाचाला एक असा हरतो. इथे मला कुणी अडवणार नाही.

मुळात ही काही शतकांची परंपरा नाही. लिओ फेंडर या अमेरिकी वाद्यनिर्मात्यानं प्रिसिजन बेस बाजारात आणला 1951 मध्ये. त्याआधी खालचा सूर म्हणजे माणसाहून उंच डबल बेस. न्यायला अवघड आणि बँडच्या गोंगाटात ऐकू न येणारा. नव्या वाद्याच्या मानेवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या होत्या, त्यामुळे सूर नेमका लागायचा, म्हणून नाव प्रिसिजन. आज आपण ज्याला 'तो' आवाज म्हणतो तो दोन तुकड्यांचा पिकअप 1957 चा आणि फेंडरचाच जॅझ बेस 1960 चा. ती रचना काही हरवलेली विद्या नाही. तांब्याची तार, लोहचुंबक, किती वेढे द्यायचे हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. त्या काळात वाईट बेसही भरपूर बनले, पण ते मोडले, फेकले, सुटे भाग करून विकले गेले. जे चांगले होते ते लोकांनी सांभाळले. आज हातात येतात ते हे सांभाळलेले, आणि आपण म्हणतो की तेव्हाचे सगळेच चांगले होते.

आणि दोष? जुन्या बेसची माया असलेल्या कुणालाही विचारा, 'जी' सुराच्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या मध्ये कुठेतरी एक सूर असा असतो की वाजवला की मातीत पडल्यासारखा विझतो. डेड स्पॉट. नेक, म्हणजे वाद्याची मान, स्वतःच त्या सुराला थरथरते आणि तारेची ताकद खाऊन टाकते. नव्या बेसमध्येही असतो. नव्यात असला की आम्ही त्याला खोट म्हणतो, जुन्यात असला की स्वभाव.

माझ्या बाजूनं सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे बीटल्सचा बेसवाला पॉल मॅकार्टनी. 1961 मध्ये हॅम्बर्गला घेतलेला त्याचा हॉफनर कंपनीचा बेस 1972 मध्ये लंडनमध्ये गाडीतून चोरीला गेला आणि परत मिळाल्याची बातमी आली ती 2024 मध्ये. बातमी वाचून मीही हललो, खोटं कशाला बोलू. पण मधली पन्नास वर्षं हा माणूस काय करत होता? दुसरा हॉफनर घेऊन वाजवत होता. कुणी म्हणालं का, की पहिल्यासारखा लागत नाही बुवा?

हे मी परवा ऐटीत मांडलं. आमच्यातले सगळ्यात मोठे, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ते शांतपणे म्हणाले, "आणि जेमरसन?"

आता जेम्स जेमरसनचं नाव निघालं की बेसवाला गप्प बसतो. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातल्या कितीतरी गाण्यांमागे हाच माणूस. बहुतेक रेकॉर्डवर नावही नाही, 1971 मध्ये कुठे ते आवरणावर छापून आलं. 1962 चा प्रिसिजन, त्यावर जाड फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा, तुटेपर्यंत न बदललेल्या, आणि उजव्या हाताचं एकच बोट. 1983 मध्ये तो गेला, त्याच्या थोडंच आधी तो बेस चोरीला गेला होता. दादांचं म्हणणं, त्या जुन्या तारा आणि ते वाद्य यांशिवाय तो आवाज शक्य नाही. माझं म्हणणं, तारांपुरतं मान्य. मळलेल्या फ्लॅटवाउंडचा आवाज ठोकळ्यासारखा येतो, ठप्प, आणि ड्रमच्या पायाशी चिकटून बसतो. पण तारा बाजारात मिळतात. ते एक बोट नाही मिळत.

"बोटानं काय होतं," एक धाकटा म्हणाला, "बोट सगळ्यांना असतं."

मग दादांनी पेटी उघडली.

त्यांचा बेस मी वीस वर्षं बघतोय, पण इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला. वरच्या कडेला जिथे हात टेकतो तिथला रंग पूर्ण उडून खालचं लाकूड उघडं पडलंय आणि त्या लाकडालाही घामानं एक काळपट चकाकी आलीय. पिकअपच्या कोपऱ्यावर अंगठ्यानं पडलेला खळगा आहे, अगदी अंगठ्याच्याच मापाचा. माझा अंगठा तिथे ठेवला तर बसेना, थोडा मागे पडत होता. पेटीला गंज, जुनं कापड आणि ओल यांचा मिळून एक वास होता. तारा काळ्या. दादांची ख्याती अशी की या तारा त्यांनी कधी बदललेल्याच नाहीत.

एक छोटा अँप होता. बेस फिरवला. नियम एकच, सगळ्यांनी तेच साधं चार सुरांचं चलन वाजवायचं, नॉबला हात लावायचा नाही.

पहिल्यानं वाजवलं ते घाईचं, थोडं पुढे पळणारं. तो तसाच आहे, फोनवरही अर्धं वाक्य गिळतो. धाकट्याचा प्रत्येक सूर स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखा, आणि शेवटी एक अनावश्यक नक्षी. माझं जरा जड, मागे रेललेलं, उजव्या हाताचा एक सूर नेहमीप्रमाणे दुसऱ्यापेक्षा मोठा. तोच बेस, त्याच तारा, पाच माणसं, पाच आवाज. डोळे मिटले असते तरी कोण वाजवतंय हे कुणीही सांगितलं असतं. मग दादांनी घेतला. चार सूर. ठोकळा पडला आणि हलला नाही. सुरापेक्षा सूर सोडण्याची जागा ऐकू येत होती, प्रत्येक वेळी तीच, केसाइतकाही फरक नाही. कुणी काही बोललं नाही.

"बघ," दादा म्हणाले, "वाद्य काय वाद्य आहे!"

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. समोर पाच जणांनी वाजवून दाखवलेलं आणि हा माणूस अजूनही लाकडाचंच गुण गातोय.

परतीच्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की ते मुद्दामच असावं. आणि हाच तो घोळणारा विचार. ज्यानं आयुष्यभर स्वतः न दिसता बाकीच्यांना उभं केलं, त्याच्या तोंडून "मी चांगला वाजवतो" हे वाक्य निघत नाही. जिभेला सवयच नाही. पण अभिमान तर असतोच, तीस वर्षं घासलेला, पोटात कोंडलेला. मग तो वाद्याच्या नावावर जमा होतो. "माझा बेस बोलतो" असं बेसवाला म्हणाला की त्याचा अर्थ वेगळा घ्यायचा.

बिनफ्रेटच्या बेससाठी गाजलेला जॅको पास्टोरियसही बघा. त्याच्या जॅझ बेसचे फ्रेट त्यानं स्वतः लोण्याच्या सुरीनं उपटले, ही एक हकीकत. घेतला तेव्हाच फ्रेट काढलेले होते, ही दुसरी. दोन्ही त्याच्याच नावावर सांगतात. स्वतःबद्दल फुशारकी मारण्यात तो कुणाला ऐकणारा नव्हता, म्हणजे माझ्या सिद्धांतात तो बसत नाही, पण लोक मात्र आजही त्या बेसच्या, बोटं फिरतात त्या फळीवरच्या इपॉक्सीच्या, म्हणजे कडक चकचकीत लेपाच्या थराबद्दलच वाद घालतात. हात बाजूला आणि वार्निशवर चर्चा.

कॅरोल के मला म्हणूनच जास्त आवडते. गिटारवादक बाई. 1963 मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला आलाच नाही, हिनं बेस उचलला आणि पुढे स्टुडिओतल्या नामांकित बेसवाल्यांत गणली गेली. बोटांऐवजी पिकनं, म्हणजे हातात धरायच्या छोट्या चकतीनं वाजवायची, जे आमच्यातल्या सोवळ्या मंडळींना अजून चालत नाही. त्या दिवशी न आलेल्या बेसवाल्याचं काय झालं, हा किस्सा मला ऐकायचाय. तो खरा आमच्या बैठकीतला माणूस.

अडीच वाजता सामान आवरायला घेतलं. ही आणखी एक गोष्ट. गाणारा माइक ठेवून निघून जातो, गिटारवाला एका खांद्यावर पिशवी टाकून निघतो. ड्रमर आणि बेसवाला शेवटपर्यंत उरतात, स्पीकरच्या जड कॅबिनेटची दोन टोकं धरून. अर्ध्या मैत्र्या तिथेच झाल्या. जिन्यावर "तू खालून धर" म्हणणारा मित्र आणि "मी खालून धरतो" म्हणणारा मित्र यांतला फरक तिथे कळतो.

पाय निघत नव्हता, तासभर दारातच उभे होतो. दादांचा बेस पेटीत ठेवायला मी घेतला. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं टोक, उजेडात आला. फ्लॅटवाउंड तारेच्या टोकाला रेशमाचा वेढा असतो, खुंटीभोवती गुंडाळलेला. तीन तारांचं रेशीम विटून मातकट झालेलं. ए च्या तारेचं लालभडक, कोरं.

मी दादांकडे पाहिलं. बाकीचे बुटांच्या नाड्या बांधत होते.

"दादा, ही..."

"पेटी बंद कर," ते म्हणाले.

मी बंद केली.