बसा की, उभे का?

कालच ड्रेसिंगला गेलो होतो. वेटिंग रूममधल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या आणि मी भिंतीला खांदा लावून उभा. ऑपरेशन नुकतंच झालंय, बसायला बंदी आहे. हे कुणाला सांगायची वेळ येऊ नये म्हणून मोबाईलमध्ये डोकं घातलं होतं. पण समोर काका होते.

"बसा की, उभे का?"

"नको, बरा आहे."

"अहो बसा! खुर्ची काय भाडं मागतेय?"

"डॉक्टरांनी नको सांगितलंय."

काकांनी चष्मा वर सरकवला. डोक्यापासून खाली येत येत त्यांची नजर नेमक्या जागी थांबली आणि त्यांनी साऱ्या वेटिंग रूमला निकाल ऐकवला, "मूळव्याध!"

"नाही हो काका. पायलोनायडल सायनस."

"सायनस नाकात असतो."

"हा माकडहाडापाशी असतो."

"मग वाफ घेतली का?"

कोपऱ्यातल्या बाई ओढणी तोंडाशी धरून हसल्या. आता अब्रू गेलीच होती, तर निदान शास्त्र तरी नीट जावं म्हणून मी समजावलं. सुटलेले केस घरंगळत तिथल्या घळीत अडकतात. बसून बसून, घासून घासून एखादा कातडीत घुसतो. शरीराला तो परका वाटतो, मग पू, गळू आणि आत बोगदा. पूर्वी हे जन्मजात मानायचे, आता बहुतेक डॉक्टर केसालाच दोषी धरतात. तरुण, केसाळ पुरुषांना जास्त होतं.

काकांनी माझ्या तिशीतल्या टकलाकडे पाहिलं. "म्हणजे हे गेले कुठं ते कळलं म्हणायचं!"

मग त्यांनी बाह्या सरसावल्या. "जन्मभर एसटी चालवली. खड्ड्यांत आदळलो. मला का नाही झालं?"

मी दुसरं महायुद्ध काढलं. तेव्हा जीपमधून धक्के खात फिरणारे हजारो अमेरिकन सैनिक याच दुखण्यानं इस्पितळात पडले होते, त्याला 'जीप डिसीज'च म्हणायचे.

"जीपला स्प्रिंगची गादी असते," काका म्हणाले. "नाजूक पोरं!"

एवढ्यात त्यांचा नंबर लागला. जाता जाता म्हणाले, "सुरण खा." म्हणजे मूळव्याधच.

मला राग याचा येतो की बायपास झालेला माणूस सोसायटीच्या बाकावर शर्टाची बटणं काढून टाके दाखवतो आणि लोक त्याला चहा पाजतात. माझ्या ऑपरेशनची कारागिरी काय कमी आहे? कमरेखाली बधिर करून पालथा घातला, दोन्ही बाजू चिकटपट्टीनं ताणून टेबलाला बांधल्या. बोगदा कुठवर गेलाय ते कळावं म्हणून आत निळा रंग सोडला. मग ६० आणि १२० अंशांचा समभुज चौकोन आखून सगळा भाग कापून काढला आणि शेजारचं मांस-कातडं फिरवून त्या खड्ड्यात बसवलं. याला लिम्बर्ग फ्लॅप म्हणतात. टाके मधल्या घळीवर येऊ नयेत हा त्यातला मुद्दा, कारण तिथली जखम भरता भरत नाही. जखम उघडी ठेवायचीही पद्धत आहे, पण मग महिनोन् महिने ड्रेसिंग. भूमितीत ३५ मार्कांवर सुटलेल्या माणसाच्या अंगावर एवढी सुबक आकृती, आणि दाखवायची सोय नाही!

बरं, पैशांचं म्हणाल तर विमा कंपनीनं पॉलिसीतलं बारीक अक्षरांचं पान दाखवलं. मूळव्याध, भगंदर, सायनस: पहिली दोन वर्षं काही मिळणार नाही. माझी पॉलिसी दीड वर्षाची. गळवानं आणखी सहा महिने कळ काढायला हवी होती, हे त्या फोनवरच्या मुलीनं इतक्या गोड आवाजात सुचवलं की भांडताही आलं नाही.

दुखणं पुन्हा उलटू नये म्हणून डॉक्टर म्हणतात तिथले केस लेसरनं काढून टाका. त्याचंही विचारलं. कंपनी म्हणते तो सौंदर्योपचार आहे, बसत नाही. जी जागा मला स्वतःला बघायची तर दोन आरसे लागतात, तिचं सौंदर्य!